चौथ्या चाकाची सोनेरी झाक

कुरखेडा
२९ डिसेंबर २०२४

प्रिय निशात,

विनोदच्या पिकअपमधून आमच्या गाडीची चार चाकं येत आहेत. टायर इथेच उतरवून घेतले. त्यातल्या एका चाकाला हे पत्र पिशवीत गुंडाळून बांधलं आहे. विनोद आमच्या शेजारचा, आठवड्यातून दोनदा मूल गावच्या राईस मिलमधला तांदूळ राजुऱ्याला नेतो, त्यामुळे आता आपला टपालवाला तोच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "पाठव" एवढंच म्हणतेस आणि मी सांगायचं ते विसरते. होस्टेल सुटून तेवीस वर्षं झाली, तरी तुझ्याशी नीट बोलायचं तर मला कागदच लागतो.

चाकं बघून हसू नकोस. ही गाडी घेतली तेव्हा तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकांत तोंड दिसायचं. आता वरचा थर पोपडे धरून निघतो आहे आणि खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरल्यात. नखानं ओढलं की लांबच लांब पट्टी निघते. प्रवीण चहा पिता पिता तेच करत बसतो. मी म्हटलं, "गाडी सोलून राह्यले का?" तर म्हणतो, "लसणापेक्षा बरी सोलते."

एका चाकावर काळे डाग दिसतील, तो माझा पराक्रम. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमचीच, भांडी आपण राखेनं घासतो, मग चाक का नाही, असं वाटून चुलीच्या ओल्या राखेचा लेप दिवसभर ठेवला. धुतलं तर चाक तव्यासारखं काळं.

घाई का आहे ते सांगते. आमच्या पोरीला, दिव्यानीला, नोकरी लागली. कोरची तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून. एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं, राहायचं तिथेच. पाच गावं तिच्याकडे आणि बस दिवसातून एकदा. गाडी तिला द्यायची असं मी ठरवलं आहे. बाप म्हणून प्रवीण कुरकुरतो, "बेडगावच्या घाटातून पोरीनं एकटीनं गाडी हाकलाची काय गरज हाय?" गाडी नव्यासारखी दिसली तर तो निम्मा तरी गप्प बसेल. निम्मं मी बघते.

तुझी
साधना


राजुरा
२० जानेवारी २०२५

प्रिय साधना,

चाकं तयार आहेत. विनोद उद्या घेऊन निघेल. प्रत्येक चाक जुन्या चादरीत बांधलं आहे. चादरी परत पाठव, सासूबाईंनी मोजून दिल्यात.

आधी राखेचं. लाकडाची राख ओली झाली की तिचा खार होतो आणि खार ॲल्युमिनियमला खातो. भांडं तू दोन मिनिटं घासून धुतेस, चाकाला दिवसभर लेप दिलास. घाबरू नको, डाग निघाले. शाळेतल्या मुलांना सांगू नकोस म्हणजे झालं.

काय केलं ते लिहिते, कारण तू विचारणार नाहीस आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दगड उडून वरच्या पारदर्शक थराला टोचा पडतो. तिथून पाणी शिरतं आणि थराखाली सरकत जातं. म्हणून वरून रंग मारून उपयोग नसतो. पोपड्यासकट तोही निघून येतो. चारही चाकांचा जुना थर औषध लावून मुळापासून काढला. मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. एका चाकाला एक दिवस. माझ्या बोटांचे ठसे गेलेत, रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा लागत नाही. नवरा असून रईस म्हणतो, "आता तू चोरी कराले मोकळी."

त्यानंतर कोरडी पावडर बंदुकीनं उडवायची. ती विजेमुळे धातूला चिकटते आणि भट्टीत भाजली की वितळून रंग होते. दोनशे डिग्री, वीस मिनिटं. आधी चंदेरी, वरून पारदर्शक. चंद्रपूरला यासाठी विजेच्या भट्ट्या आहेत. आमच्याकडे आहेत कय्यूम मामू. हे रईसचे मामा. त्यांनी चाळीस वर्षं पाव आणि टोस्ट भाजले. बेकरी बंद केली, पण विटांची भट्टी रईसच्या टायरच्या दुकानामागे तशीच उभी होती. लाकूड बाजूच्या वेगळ्या तोंडातून घालतात, त्यामुळे धूर आत येत नाही. मामू चिमूटभर मैदा आत टाकतात आणि आकडे मोजतात. बाराला मैदा गुलाबी झाला की म्हणतात, "डालो." भंगारातल्या एका चाकावर आधी करून पाहिलं. रंगावर चावी ओढली तरी ओरखडा नाही.

सुटी चाकं मी आधीही केलीत, पण चार चाकांचा पूर्ण संच हा माझा पहिला. बरा झालाय, असं न लाजता लिहिते. माझ्या वहीतल्या पानाची नक्कल सोबत आहे. कोणतं चाक कधी भट्टीत गेलं, कधी बाहेर आलं, सगळं आहे. दिव्यानीला दे. आपण काय केलं ते लिहिलेलं असलं की समोरच्याला विचारायला संकोच वाटत नाही.

तुझी
निशात


कुरखेडा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय निशात,

काय केलंस ग हे! टायर चढवून गाडी अंगणात उभी केली तर शेजारच्या सुगंधाबाई विचारायला आल्या, "नवी घेतली का जी?" मी हो म्हणणार होते.

प्रवीण सकाळी पोपडे सोलायला खाली बसला आणि सोलायला काही नाही म्हणून तसाच उठला. मग चारही चाकं फिरून पाहिली. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबला. तुझ्या लक्षात आलं होतं का? त्या एका चाकाला हलकी सोनेरी झाक आहे. उन्हात लख्ख दिसते. बाकीची तीन चांदीची आणि हे सोन्याचं. प्रवीण म्हणाला, "तुह्या मैत्रिणीले म्हण, बाकीचे तीन बी असेच कराचे होते." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

दिव्यानी काल रुजू झाली. स्वतः गाडी घेऊन गेली. प्रवीण फाटकापर्यंत गेला आणि "हॉर्न देत जाजो" एवढंच म्हणाला. तुझं वहीचं पान मी काचेखाली ठेवलं आहे. इतकं सुरेख अक्षर आणि चारही चाकांपुढे वेळा. माझी मुलं परीक्षेतसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत.

चादरी सोबत आहेत. मोजून घे.

तुझी
साधना


राजुरा
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय साधना,

काल फोनवर सांगितलं तेच सविस्तर लिहिते.

सोनेरी झाक यायला नको होती. पारदर्शक थर प्रमाणाबाहेर भाजला की पिवळा पडतो. चंद्रपूरच्या पावडरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, रंगाचं सोडा, चाकाचं बघा. ही चाकं कारखान्यात तापवून, थंड करून टणक केलेली असतात. वीस मिनिटांच्या भाजणीनं त्यांना काही होत नाही, पण फार वेळ जास्त उष्णतेत राहिली तर आतून मऊ पडतात. बाहेरून कळत नाही. मऊ चाक खड्ड्यात आपटलं की वाकतं, वाकलं की टायर हवा सोडतो. सपाट रस्त्यावर निभावतं. घाटातल्या वळणावर काय होईल ते तूच बघ.

वहीत चौथ्या चाकापुढेही वीस मिनिटंच आहेत. तरी मला शंका आहे. दिव्यानीला सांग, ते चाक काढून डिकीतली स्टेपनी लावायची. चाक विनोदबरोबर परत पाठव.

कळव.

तुझी
निशात


कुरखेडा
७ फेब्रुवारी २०२५

निशात, माझी बाई,

तुझं पत्र वाचून मला आपली खोली आठवली. कुलूप लावून जिना उतरायचो आणि तू परत वर जायचीस, कुलूप लागलं का पाहायला. एकदा पाहून आलीस तरी बसस्टॉपवरून पुन्हा. मी तुझ्यासाठी दोन बस सोडल्यात.

तुझ्या वहीत स्वच्छ लिहिलं आहे, चौथं चाक, वीस मिनिटं. पावडरच्या डब्यात थोडा फरक असेल, भट्टीच्या कोपऱ्यात जास्त आच असेल, म्हणून रंग बदलला. खरं सांगू? माझा तुझ्यापेक्षा तुझ्या वहीवर जास्त विश्वास आहे. तू घाबरतेस, वही घाबरत नाही.

दिव्यानी मजेत आहे. परवा दोन गावं करून आली. गरोदर बायांची तपासणी, सिकलसेलचे नमुने, सगळं गाडीत घालून. म्हणाली, "आई, बसच्या भरोशावर असती तर एकच गाव झालं असतं." एवढ्यात तिच्या डोक्यात भीती कशाला घालू? प्रवीणच्या कानावर तर मुळीच नको.

बाकीची तीन सोनेरी करायचा विचार आम्ही सोडला, एवढं तुझं ऐकते.

तुझी
साधना


राजुरा
९ फेब्रुवारी २०२५

साधना,

विनोदला सांगितलं आहे की हे पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचेपर्यंत तिथून हलायचं नाही.

चौथ्या चाकापुढची वीस मिनिटं खोटी आहेत. ती मी लिहिली.

शुक्रवार, १७ जानेवारी. बारा चाळीसला पारदर्शक थराचं चाक आत गेलं. तेवढं खरं आहे. कय्यूम मामू जुम्म्याच्या नमाजला गेले. मी थांबणार होते. तेवढ्यात दुकानात एक बाई आल्या, त्यांच्याही गाडीच्या चाकांचे पोपडे निघत होते. मी त्यांना तुझी झालेली तीन चाकं दाखवली. त्या म्हणाल्या, "हे तुमी केले? सोता?" ते मला पुन्हा ऐकायचं होतं. त्यांची गाडी पाहायला म्हणून त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, त्यांच्या नणंदेलाही चाकांचं सगळं समजावून सांगितलं. कारण मोठं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. कौतुक ऐकत बसले, एवढंच कारण आहे.

मामू परत आले तेव्हा जाळ बसलेला होता. आत माल असताना भट्टी थंड होऊ द्यायची नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांना वाटलं, चाक आत्ताच घातलं असेल. विचारायला मी नव्हते. त्यांनी दोनदा लाकूड सारलं आणि पत्र्याचं झाकण लावून घेतलं. मी पाच वाजता पोचले. म्हणजे चार तास वीस मिनिटं, आणि दोनशेच्या किती वर, ते कोणालाच माहीत नाही.

चाक बाहेर काढलं तर देखणं होतं. वहीत किती मिनिटांनी बाहेर काढलं ते लिहायची जागा मोकळी होती. वरच्या तिन्ही ओळींत वीस, वीस, वीस. मी चौथं वीस लिहिलं. तेव्हा स्वतःला म्हटलं, मोकळी जागा वाईट दिसते. आता विचारते आहे की तेवढंच होतं का. तेवढंच नव्हतं. मला चारही चाकं एकदम पाठवायची होती आणि तू वाहवा करावीस असं वाटत होतं. मऊ पडण्याचं तेव्हा ठाऊक नव्हतं, पण आपण खोटं लिहितोय हे ठाऊक होतं.

चार तारखेला फोनवर हे सांगायला हवं होतं. पाच तारखेच्या पत्रात मी वहीच्या आड लपले आणि तू बरोबर वहीवरच विश्वास ठेवलास. काल तुझं पत्र आल्यापासून तुला तीनदा फोन लावला. दोनदा लागला नाही. एकदा लागला तर मी प्रवीणची तब्येत विचारून ठेवून दिला. हे पाच दिवस दिव्यानी त्या चाकावर फिरते आहे, ते माझ्यामुळे.

आता वाचणं थांबव आणि तिला गाठ.

निशात


कुरखेडा
१४ फेब्रुवारी २०२५

निशात,

सोमवारी विनोद वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, ठेव टेबलावर. तो म्हणाला, "नाई बाई, वाचा. मले हलाले मनाई हाय." मुलं हसायला लागली. पत्र संपलं तेव्हा मी खडू हातात घेऊनच त्याच्या पिकअपमध्ये बसले.

दिव्यानीचा फोन लागत नव्हता. उपकेंद्राला कुलूप. तिथल्या आशा सेविका ठमाबाई म्हणाल्या, मॅडम गावात गेल्या, येतीलच. 'येतीलच' दोन तास चाललं. मी रस्त्यावर ओढ्याच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले. गाडी दिसली तेव्हा दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध गेले. दिव्यानी धावत उतरली. "आई, इथी काऊन उभी? कोनी गेलं का?"

विनोदनं चाक काढलं. मागच्या बाजूची कड दोन बोटं आत दबलेली होती. दिव्यानी म्हणाली, "शुक्रवारी घाटात एका खड्ड्यात आपटली. तवापासून रोज हवा कमी होऊन राह्यली होती. मी रोज भरून घेत होती." ऐकून विनोद डिकीतली स्टेपनी काढायला गेला.

तुझ्यावर चिडले आहे. पण ते लिहिण्याआधी माझं लिहिते, नाही तर पत्र खोटं होईल. तू चार तारखेला फोन केलास, तेव्हा मी "सांगते दिव्यानीला" म्हटलं आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं चाक काढलं असतं, शुक्रवारचा खड्डा चुकला असता. मी का नाही सांगितलं? कारण गाडी द्यायचं मी ठरवलं होतं आणि प्रवीणपुढे मला हरायचं नव्हतं. तू वाहवा ऐकत बसलीस, मी वाद जिंकत बसले.

प्रवीणला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडी घरी आणवली, चारही चाकं काढून ती विटांवर उभी केली आणि म्हणाला, "आता विषय बंद." दिव्यानी बसनं जाते. या आठवड्यात तिची तीन गावं राहिली. ती आमच्या दोघांशीही बोलत नाही.

चारही चाकं पाठवते आहे. त्या चौथ्याला मी हात लावला नाही, विनोदनंच बांधलं.

साधना


राजुरा
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय साधना,

प्रिय लिहू की नको याचा विचार केला आणि लिहिलं.

मामूंना सांगितलं. ते आधी मानायलाच तयार नव्हते. "चालीस साल भट्टी देखी बेटा, एक टोस्ट नहीं जला." मी दबलेली कड दाखवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टोस्ट जला तो फेंक देते थे. इसको कौन फेंकता?" मी म्हटलं, तुम्ही सवयीनं केलंत, चूक माझी. म्हणाले, "लकडी तो मैंने डाली ना."

चारही चाकं घेऊन चंद्रपूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या सरांना लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. त्यांच्याकडे धातूचा टणकपणा मोजायचं मशीन आहे. बारीक गोळी धातूवर दाबतात आणि किती खळगा पडला ते मोजतात. चांगल्या चाकाचा आकडा ऐंशीच्या आसपास असावा. तुझी तीन चाकं: ब्याऐंशी, एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी. चौथं: सत्तावन्न. सर म्हणाले, "मॅडम, हे कोणी रस्त्यावर वापरलं?" मी उत्तर दिलं.

सत्तावन्नवाल्या चाकाचे रईसनं माझ्यासमोर कटरनं चार तुकडे केले. तसंच भंगारात दिलं असतं तर कोणी ठोकूनठाकून विकलं असतं.

त्याच मापाचं एक जुनं चाक चंद्रपूरला मिळालं. सरांकडून आधी तपासून घेतलं, त्र्याऐंशी. मग जुना थर उतरवला, घासलं, भाजलं. भट्टीत आता तापमान दाखवणारी तार बसवली आहे, काटा बाहेर दिसतो. मामू तरीही मैदा टाकतात. मैदा बाराला गुलाबी होतो तेव्हा काटा दोनशे पाचवर असतो. पहिल्यांदा जुळलं तेव्हा मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मशीनच पास झालं.

भाजल्यावर पुन्हा सरांकडे नेलं. ब्याऐंशी. चारही आकडे त्यांच्या सहीनिशी सोबत पाठवते. ही चाकं चांगली आहेत, साधना. हे मी घाबरत लिहीत नाही. जे काम मी नीट केलं ते नीटच आहे आणि जे नाही केलं त्याचे तुकडे झाले.

प्रवीणला माझा निरोप दे, की रागावण्याचा त्याला हक्क आहे. पण दिव्यानीची तीन गावं राहतात, त्यात तिची चूक काय?

तुझी
निशात


कोरची तालुका
२८ फेब्रुवारी २०२५

निशात मावशी,

सलाम. आई मराठीची बाई आहे, म्हणून हे पत्र तिला न दाखवता पाठवतेय. चुका असतील.

तुमचं नऊ तारखेचं पत्र आईनं मले वाचाले दिलं. राग आला. दोन दिवस राहिला. मग एक गोष्ट आठवली ती लिहिते. मी लसीच्या डब्याचं तापमान दिवसातून दोनदा लिहिते. पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ राहून गेली. दुसऱ्या दिवशी पेन हातात घेतला होता, आदल्या दिवसाचाच आकडा टाकणार होती. ज्या सिस्टरनं मले शिकवलं ती म्हणायची, "विसरली तर कोरी ठेव, भरू नको." ते आठवलं म्हणून हात थांबला. तुम्हाले असं सांगणारं कोणी नव्हतं, इतकाच फरक असंल. जास्त बी असंल. पण इतका आहेच.

आता कामाचं. चाकं आली, आकड्यांचा कागद आला. बाबांना दाखवला. म्हणाले, "तवा बी कागदच होता ना?" मी बाबांना म्हटलं, ज्यानं चाकं बनवली तो माणूस त्याच चाकावर बसून घाटातून गेला तर? बाबा म्हणाले, "तवा पाहू." बाबांचं 'पाहू' म्हणजे अर्धं हो असते.

म्हणून तुम्ही या. बेडगावच्या घाटातून माझ्या बाजूले बसून चला, जाणं अन् येणं दोन्ही. गाडी मीच चालवीन. भेव वाटत असंल तर आधीच सांगा, मंग मी बसचा पास काढून घेते.

एक अजून. खड्डा कुठी आहे ते मले पाठ आहे.

दिव्यानी


राजुरा
११ मार्च २०२५

प्रिय साधना,

तू परीक्षेच्या कामासाठी गडचिरोलीला होतीस, म्हणून रविवारचं सगळं लिहिते. प्रवीण सांगेल त्यात निम्मं गाळेल.

दिव्यानीच्या पत्राला मी एका ओळीत उत्तर दिलं होतं: येते, पुढच्या सीटवर बसेन. मामूंना सांगितलं तर म्हणाले, "मैं भी." रोजा होता, ऊन होतं, मी नको म्हटलं. ते म्हणाले, "लकडी किसने डाली?" मी दोन तिकिटं काढली.

कुरखेड्याच्या बसस्टँडवर प्रवीण उभा होता. नमस्कार केला, पाणी विचारलं, रोजा म्हटल्यावर ओशाळला. मग खाली बसून चारही चाकांच्या मागे हात घालून पाहिलं. नवं चाक पुढे डावीकडे लावायला मीच सांगितलं होतं, माझ्या सीटखाली. त्यानं विचारलं, "नवं कोनतं?" मी दाखवलं. रंग चारही चाकांचा एकच आहे, चंदेरी. तो म्हणाला, "ओळखू नाई येत." मी म्हटलं, "ओळखू येऊ नये असंच असते."

घाट चढेपर्यंत दिव्यानीनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. चालवते छान ग. घाई नाही, भीती नाही. माथ्यावर गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "मावशी, भेव वाटून राह्यलं का?"

"हो."

"चाकाचं का माह्या चालवण्याचं?"

"चाकाचं नाही," मी म्हटलं.

तेव्हा हसली. तिचं हसणं तुझ्यावर गेलं आहे, आधी नाक हसतं.

पुढे उतारावर एक वळण आलं आणि तिनं वेग कमी केला. समोर खड्डा होता, ताटाएवढा, कडा धारदार. बाजूनं जायला भरपूर जागा होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. स्टिअरिंग थोडं डावीकडे घेतलं आणि माझ्या बाजूचं चाक सरळ त्यात घातलं. दण्णकन आवाज आला. माझे दात आपटले, मामू मागून "या अल्ला" म्हणाले.

गाडी थांबवून आम्ही तिघं उतरलो. मी गुडघ्यावर बसले आणि चाकाच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. कुठे अडलं नाही. पुन्हा फिरवलं. दिव्यानीनं हवा मोजायची नळी काढली. निघताना बत्तीस होती, आताही बत्तीस. मला वाटलं, ती आता काही तरी बोलेल. ती म्हणाली, "बसा. येताना उजव्या बाजूचं."

आणि खरंच, परत येताना उजवं चाक घातलं. घाट उतरून सपाटीला लागल्यावर मामूंनी विचारलं, "बेटी, पीछेवाले दो भी बाकी हैं क्या?" दिव्यानी म्हणाली, "ते मी रोज पाहते जी." मामू बसस्टँड येईपर्यंत हसत होते.

प्रवीण त्याच जागी होता. मी उतरून त्याच्यासमोर उभी राहिले, विचारेल म्हणून. चाकाचे आकडे, भट्टीचा काटा, सगळं तोंडावर तयार होतं. तो माझ्या बाजूनं चाकांकडे गेला. पुन्हा खाली बसला, पुढच्या दोन्ही चाकांच्या मागून हात फिरवला आणि हात पँटला पुसत उठला. दिव्यानी दाराला टेकून उभी होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "उभी काऊन हायेस? अंधाराच्या आत घाट ओलांड."

ती एका क्षणात आत बसली. एकटी. आम्ही तिघं गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्याकडे पाहत राहिलो. मग मामूंनी विचारलं, "और हम कैसे जाएंगे?"

"बसनं," मी म्हटलं.

प्रवीणनं आमची तिकिटं काढली आणि मला खिडकीची जागा धरून दिली.

तुझी
निशात